गाठीविना दुपटं

उन्हाळ्याचं शहर म्हणून नागपूर ओळखलं जातं खरं, पण 29 डिसेंबर 2018 रोजी इथला पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता. त्यामुळे घरात बाळ येणार असेल आणि तारीख हिवाळ्यातली असेल, तर बाळंतविड्यात लोकरीचं दुपटं हवंच. हल्ली मोबाईलवर त्याचे व्हिडिओ धो धो वाहतात. मनगटाएवढी जाड लोकर, सुई नाही, काही नाही, नुसत्या हातांनी तासाभरात ब्लँकेट तयार. ते पाहून आयुष्यात पहिल्यांदा क्रोशाची सुई हाती घेणारे पुष्कळ झालेत, आणि त्यांच्यासोबत एक जुना गैरसमजही घरोघरी फिरतो आहे: हे सगळं गाठींवर टिकतं. आमच्या शेजारच्या काकू तर दर ओळीच्या शेवटी गाठ मारायला लावतात. ‘गाठ नाही मारली त उसवून जाईन ना बाप्पा!’

दुपट्यात गाठ जवळजवळ नसतेच. अगदी सुरुवातीला सुईवर घेतो ती सरकफास, तीही ओढली की सुटते. पुढे फासातून फास, त्यातून आणखी फास. शेवटचा फास मोकळा ठेवून सूत ओढत गेलात तर आख्खं दुपटं पुन्हा एका सरळ धाग्यात बदलतं. मग ते वर्षानुवर्षं, बाळाच्या लाथा आणि वॉशिंग मशीन सोसून, टिकतं कशावर? घर्षणावर. हे घर्षण कसं काम करतं ते कळलं, की नवशिक्याच्या निम्म्या तक्रारींचं उत्तर त्यातच मिळतं.

आधी कृती, थोडक्यात. जाड लोकर अर्धा ते पाऊण किलो, 8 किंवा 9 मिलिमीटरची सुई. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या दुकानात हवी तेवढी जाड लोकर मिळाली नाही तर नेहमीच्या लोकरीचे दोन-तीन पदर एकत्र घ्या, काही बिघडत नाही. 72 साखळ्या (फासातून फास काढलेले साधे टाके) घाला, सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब (सुईवर सूत एकदा गुंडाळून घातलेला उंच टाका), आणि पुढे प्रत्येक साखळीत एक. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरून 70 होतात. रुंदी पाऊण मीटरच्या आसपास भरते, नेमकी किती ते तुमच्या हातावर. ओळ संपली की तीन साखळ्या, काम उलटवा, पुन्हा 70. दुपटं चौकोनी दिसेपर्यंत हेच. नमुना नाही, रंग बदलणं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. घर्षणाचं काम खांब घालण्याच्या कितीतरी आधी, सुतातच सुरू होतं. कापसाचा एक तंतू जेमतेम तीन सेंटिमीटरचा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत ज्या गुणांवर कापसाचं वाण जोखतात, त्यात तंतूची लांबी वरच्या क्रमांकावर असते. लोकरीचे आणि अ‍ॅक्रिलिकचे तंतू थोडे लांब, तरी सेंटिमीटरांतच मोजायचे. मग शेकडो मीटरचा सलग धागा येतो कुठून? हाच प्रश्न गॅलिलिओने 1638 मध्ये दोराबद्दल विचारला होता: तंतू दोन-तीन हात लांब, दोर शंभर हातांचा, आणि तो ओढला तर मधेच निसटत का नाही? पीळ दिला की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि जितकं ओढाल तितके आणखी आवळतात, हे त्याच्या उत्तराचं सार. या प्रश्नाचं नीट गणित मांडलेला एक शोधनिबंध 2018 मध्ये आला. वॉरेन, बॉल आणि गोल्डस्टीन यांनी दाखवलं की तंतूंमधलं घर्षण एका ठरावीक उंबरठ्यापलीकडे गेलं, की सूत किती ताण पुढे पोचवू शकेल याला तत्त्वतः मर्यादाच राहत नाही. तंतू निसटत नाहीत, अखेर तुटतात. त्या व्हिडिओंतली मनगटाएवढी लोकर बहुतेक वेळा न कातलेली, नावापुरता पीळ असलेली असते. म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडची. म्हणूनच ती काही दिवसांत केसाळते आणि तिचे पुंजके हातात येतात. बाळासाठी घ्यायची लोकर जाड असावी, पण पिळाची.

सुताच्या वरची पायरी म्हणजे वेढा. अठराव्या शतकात गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने सोडवलेलं हे गणित मला फार आवडतं. पोळ्याच्या दिवशी उधळू पाहणाऱ्या बैलाचं दावं खुंट्याभोवती दोन-तीन वेढे घेतलेलं असलं तर ते लहान पोरगंसुद्धा धरून ठेवतं. गाठ नाही, तरीही. कारण असं: दावं खुंट्याला जिथे टेकतं, तिथला अगदी छोटा तुकडा घ्या. तो खुंट्यावर किती दाबला जातो? त्यात जितका ताण, त्या प्रमाणात. घर्षण दाबाच्या प्रमाणात, म्हणजेच ताणाच्या प्रमाणात. त्या तुकड्याच्या पलीकडचा ताण अलीकडच्यापेक्षा तेवढ्याने वाढलेला चालतो. पुढचा तुकडा हा वाढलेला ताण घेऊन सुरू होतो, त्यामुळे त्याचं घर्षण आणखी जास्त. हे चक्रवाढ व्याजासारखं आहे: प्रत्येक तुकडा मुद्दलावर नाही, तर आधीच्या व्याजासकट झालेल्या रकमेवर व्याज चढवतो. कलनशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर ताणातला बदल हा घर्षणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात तो आकडा), ताण आणि कोनातला बदल या तिघांचा गुणाकार; त्याचं संकलन केलं की दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर e (साधारण 2.72) या संख्येचा (घर्षणांक गुणिले कोन) एवढा घात येतं. कोन रेडियनमध्ये, पूर्ण वेढा म्हणजे 6.28.

सूत्र डोक्यावरून गेलं असेल तर नुसते आकडे पाहा. घर्षणांक 0.3 धरला तर अर्ध्या वेढ्याला 2.6 पट, एका वेढ्याला 6.6 पट, दोन वेढ्यांना 43 पट, तीन वेढ्यांना 286 पट. वेढे वाढतात बेरजेने, पकड वाढते गुणाकाराने. आणि या सूत्रात खुंट्याची जाडी कुठेच येत नाही. खुंटा असो की करंगळी, हिशेब तोच.

करंगळीचा उल्लेख उगाच केला नाही. क्रोशे करताना सूत डाव्या हाताच्या करंगळीभोवती एक वेढा देऊन तर्जनीवरून सुईकडे जातं. गुंड्याकडून सूत अगदी हलकं ओढलेलं असतं. ती हलकी ओढ बोटावरच्या वेढ्यात सहा-सात पट होऊन सुईपर्यंत पोचते. टाके सैल येतात म्हणून नवशिक्या आणखी एक वेढा घालतो, आणि ताण दुप्पट होण्याऐवजी पुन्हा साडेसहा पट वाढतो. मग टाके इतके आवळतात की सुई आत शिरत नाही. त्यावर उपाय दुसऱ्या वेढ्याचा नाही. एकच वेढा ठेवा आणि तर्जनी थोडी वाकवून किंवा सरळ करून कोन बदला. कोनात थोडाच फरक, म्हणून ताणातही थोडाच.

नागपूरची यात खास भर आहे. बाळ जूनमध्ये येणार असेल तर दुपटं एप्रिल-मेमध्ये विणलं जातं, कूलरपुढे बसून. बाहेर 45 अंश, आत कूलरची दमट हवा, बोटं घामेजलेली. घामट बोटावर सूत सरकत नाही, घर्षणांक 0.3 चा 0.5 झाला असं धरू. दीड पटीहून जरा जास्त, विशेष काही नाही असं वाटतं. पण तो घातात बसलाय. एका वेढ्याची पकड 6.6 वरून 23 पटींवर जाते. सकाळी घातलेल्या ओळी आणि दुपारच्या ओळी शेजारी ठेवून पाहा. दुपारच्या ओळी आखूड आणि कडक निघतात, दुपट्याला कंबर येते. जुन्या बायका मधूनमधून बोटांना टाल्कम पावडर लावायच्या. नखरा नव्हता तो, घर्षणांक जागेवर आणणं होतं.

आता प्रत्यक्ष खांबात पाहू. जाड लोकरीचा एक खांब डोळ्यांजवळ धरा, जाड असल्यामुळे तो भिंगाशिवाय दिसतो. सूत खालच्या टाक्यातून वर येतं, वळतं, स्वतःवरूनच आडवं जातं, परत वळतं. निदान चार अर्धे वेढे तरी सहज सापडतील. चार अर्धे म्हणजे दोन पूर्ण: 43 पट. शेजारच्या खांबातून तेच सूत जातं, तिथे पुन्हा 43 पट. 43 गुणिले 43 म्हणजे 1,800 च्या वर, फक्त दोन खांबांत. दुपट्याच्या मधला धागा बाळाच्या बोटात अडकून ओढला गेला तर ती ओढ दोन-चार खांबांपलीकडे पोचतच नाही. तिथे नुसता एक फास लोंबतो.

पण या गणितात एक खाच आहे, आणि काकूंची भीती नेमकी तिथे रास्त आहे. शून्याला कितीही पटींनी गुणा, शून्यच. सुताच्या मोकळ्या टोकाला काहीच ताण नसेल तर वाढवायला मुद्दलच नाही. म्हणून शेवटच्या फासातून टोक ओढून घेतल्यावर ते तिथेच कापायचं नसतं. आठ-दहा सेंटिमीटरचं शेपूट मोठ्या डोळ्याच्या सुईत ओवून खांबांच्या पोटातून एका दिशेने न्या, मग उलटं वळवून परत आणा, शक्य असल्यास तिसऱ्यांदा. लोकरीचे बारीक केस आजूबाजूच्या सुतात अडकतात. ती इवलीशी अडकण म्हणजे मुद्दल. उलट वळणं म्हणजे वेढे. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिक किंवा मखमली सुताला केस कमी किंवा ते निसटते, त्यांचं शेपूट जास्त लांब ठेवा.

वेढ्यांचा विषय निघालाच आहे तर एक बोलून घेतो. गरोदर बाईने विणकाम केलं की बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो, ग्रहणात सुई-कात्री चालवली की बाळाचा ओठ फाटतो, हे अजूनही शिकलेल्या घरांत ऐकू येतं. नाळेचा वेढा साधारण दर चार-पाच बाळांमागे एकाला जन्माच्या वेळी असतोच, आया विणोत वा न विणोत. बाळ पोटात फिरतं म्हणून तो बसतो. फाटलेल्या ओठाची कारणं गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या वाढीत असतात. सूर्य-चंद्राच्या सावल्यांशी त्यांचा संबंध नाही. उलट, वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत हाताला काम असलेलं बरं.

जाडीचा हिशेबही गमतीचा आहे. सुताची जाडी दुप्पट केली की रुंदीतले टाके निम्मे आणि लांबीतल्या ओळीही निम्म्या, म्हणजे कामाला लागणारे टाके चौथाई. पण प्रत्येक टाक्याला सूत दुप्पट लागतं आणि एक मीटर सुताचं वजन चौपट. चौथाई गुणिले दोन गुणिले चार: दुपटं दुप्पट जड. नवशिक्याचा वेळ वाचतो तो बाळाच्या अंगावरच्या वजनातून. ऊबही वाढते, कारण ऊब लोकरीत नसते, तिच्यात अडकलेल्या स्थिर हवेत असते. लोकर स्वतः उष्णता देत नाही. बर्फाचा खडा लोकरीत गुंडाळला तर तो उघड्यावरच्यापेक्षा उशिरा वितळतो. मात्र उंच खांबांमधल्या मोठ्या फटींतून हवा वाहते, तेव्हा थंडीसाठी मुका खांब किंवा अर्धा खांब (दोन्ही बुटके, दाट टाके) बरा.

कड तिरकी जात असेल तर वळणाच्या तीन साखळ्यांवर टाका घालायचा राहून जातो आहे, दर ओळीला एक टाका गळतो आहे. कड झालरीसारखी फुगत असेल तर टाके वाढताहेत. हे वाढवणं मुद्दाम, दर ओळीत ठरावीक प्रमाणात केलं तर जी लाटालाटांची वस्तू तयार होते, ती गणितातल्या अतिपरवलयी (हायपरबोलिक) पृष्ठाचं खरंखुरं मॉडेल असते. गणितज्ञ डायना टायमिना यांनी कॉर्नेल विद्यापीठात 1997 मध्ये क्रोशाने ती करून दाखवली, आणि कागदावर धड न दिसणारी भूमिती हातात धरता आली. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतांशी अ‍ॅक्रिलिक असते. धुवायला सोपी, पण इस्त्री लावली की लुळी पडते ती कायमची. कोरड्या हिवाळ्यात ती चटचट ठिणग्या देते, कारण ती हवेतला ओलावा जवळजवळ शोषत नाही. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी असते. तिच्या आसपास हे दुपटं अजिबात नको. खरी लोकर सहजी पेट घेत नाही, अ‍ॅक्रिलिक पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. शिवाय एक वर्षाच्या आतलं बाळ झोपलेलं असताना त्याच्याजवळ सुटं पांघरूण ठेवू नये, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते. तोंडावर आलं तर ते बाळाला दूर सारता येत नाही. दुपटं मांडीवर घेताना गुंडाळायला, जागेपणी पालथं पडायला खाली अंथरायला वापरा, आणि दर धुण्यानंतर शेपटं बाहेर आली नाहीत ना, ते बोटं फिरवून पाहा.