झाविनुल, जो
झाविनुल, जो : (७ जुलै १९३२ – ११ सप्टेंबर २००७). ऑस्ट्रियात जन्मलेले, अमेरिकेत नावारूपाला आलेले जॅझ कीबोर्डवादक व संगीतरचनाकार. जन्म व्हिएन्नातील एका कष्टकरी कुटुंबात. त्यांचे पहिले वाद्य ॲकॉर्डियन, म्हणजे आपल्या पेटीसारखेच भात्यावर वाजणारे. लहानपणी त्यांनी बिलियर्डच्या टेबलावरील हिरव्या बनातीचा तुकडा ॲकॉर्डियनच्या आत चिकटवला. त्यामुळे निघालेला दबका, मऊ आवाज त्यांच्या मनात घर करून राहिला. सुरांइतकीच आवाजाच्या जातीची ही ओढ त्यांच्या पुढील सर्व कामगिरीच्या मुळाशी आहे.

शिष्यवृत्ती मिळवून ते १९५९ मध्ये बॉस्टनच्या बर्कली या संगीतशाळेत आले, पण काही आठवड्यांतच ट्रंपेटवादक मेनार्ड फर्ग्युसन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. गायिका डायना वॉशिंग्टन यांना साथ केल्यानंतर १९६१ ते १९७० या काळात ते सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्ली यांच्या संचात होते. ‘मर्सी, मर्सी, मर्सी’ (१९६६) ही त्यांची रचना तेथेच गाजली. तीत त्यांनी वुर्लिट्झर हा विजेवरचा पियानो वाजवला असून त्याचा किंचित खरखरीत, घंटेसारखा नाद हाच त्या चालीचा प्राण आहे. याच सुमारास ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिस यांनी त्यांची ‘इन अ सायलेंट वे’ (१९६९) ही रचना ध्वनिमुद्रित करताना तिच्यातील बहुतेक स्वरसंघात (एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, कॉर्ड) गाळून केवळ मूळ धून ठेवली.

सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर आणि बासवादक मिरोस्लाव्ह व्हितूश यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये ‘वेदर रिपोर्ट’ हा संच स्थापन केला. एकाने वाजवायचे आणि इतरांनी साथ धरायची, ही विभागणी या संचाने बऱ्याच अंशी मोडली. सिंथेसायझरकडे, म्हणजे विजेच्या साहाय्याने कृत्रिम आवाज घडवणाऱ्या वाद्याकडे, त्या काळी अनेकजण चमत्कृतीचे यंत्र म्हणून पाहत. झाविनुल यांनी मात्र त्यातून श्वास घेतल्यासारखे वाटणारे, माणसाच्या गळ्याजवळचे आवाज घडवले, आणि याबाबतीत त्यांच्या तोडीचा वादक त्या पिढीत क्वचितच सापडेल. ‘ब्लॅक मार्केट’ (१९७६) या रचनेसाठी त्यांनी ‘आर्प २६००’ या सिंथेसायझरची स्वरपट्टी उलटी करून घेतली होती. डावीकडे खर्ज आणि उजवीकडे तार सप्तक ही नेहमीची मांडणी फिरवल्यामुळे सवयीने उजवीकडे चढणारी बोटे सुरांत खाली उतरत, आणि हाताच्या वळणाबाहेरची चाल हाती लागे. न्यूयॉर्कमधील क्लबच्या नावावरून बांधलेली ‘बर्डलंड’ (१९७७) ही त्यांची सर्वांत लोकप्रिय रचना होय.

‘वेदर रिपोर्ट’ १९८६ मध्ये संपुष्टात आल्यावर त्यांनी ‘झाविनुल सिंडिकेट’ हा संच उभा केला व त्यात निरनिराळ्या देशांतील वादक-गायकांना सामावून घेतले. ठुमरीगायिका शोभा गुर्टू यांचे पुत्र, मुंबईत वाढलेले तालवादक त्रिलोक गुर्टू हेही काही काळ त्यांच्यासोबत वाजवत होते. पश्चिम आफ्रिकेतील माली या देशाचे गायक सालिफ केइता यांच्या ‘आमेन’ (१९९१) या ध्वनिमुद्रिकेची निर्मिती झाविनुल यांनीच केली. २००७ च्या उन्हाळ्यात, कर्करोगाने ग्रासलेले असतानाही त्यांनी संचासह युरोपचा दौरा केला. त्यानंतर काही आठवड्यांतच व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.