वादळाच्या पुढे धावलेली तार

रॉबर्ट फिट्झरॉय हे नाव आपल्याला बहुधा डार्विनच्या चरित्रात भेटतं. १८३१ ते १८३६ या काळात डार्विनला ‘बीगल’वर घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणारा ब्रिटिश नौदलाचा कप्तान, एवढीच त्याची ओळख उरली आहे. माझ्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. समुद्रावर जाणाऱ्या माणसांचे जीव वाचवण्याचं त्याचं मोठं काम उतारवयात, लंडनच्या एका लहानशा सरकारी खात्यात झालं.

बाराव्या वर्षी तो नौदलाच्या शाळेत गेला आणि २३ व्या वर्षी बीगलचा कप्तान झाला. पुढे खासदारकी केली, न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला, तिथून १८४५ मध्ये परत बोलावला गेला. १८५४ मध्ये जहाजांवरच्या हवामाननोंदी गोळा करण्यासाठी नवं खातं निघालं, त्याची सूत्रं त्याच्याकडे आली. अंदाज वर्तवणं हे त्या खात्याचं काम नव्हतंच.

ऑक्टोबर १८५९ मध्ये मेलबर्नहून लिव्हरपूलला निघालेलं ‘रॉयल चार्टर’ हे जहाज घराजवळ येऊन वेल्सच्या अँगलसी किनाऱ्यावर फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली. फिट्झरॉयने त्या वादळाच्या ठिकठिकाणच्या एकाच वेळच्या नोंदी नकाशावर मांडल्या, तेव्हा वादळाचा माग स्पष्ट दिसला. कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे फिरत होते आणि ते सगळं चक्र पुढे सरकत होतं. थंड ध्रुवीय हवा आणि उबदार दमट हवा जिथे एकमेकींना भिडतात तिथे असे भोवरे तयार होतात, हेही त्याने ओळखलं होतं. वादळ एका गावाहून दुसऱ्या गावी पोचायला तास लागतात, तारेचा संदेश मात्र काही क्षणांत पोचतो. मग आधीच्या गावाने पुढच्याला सावध का करू नये?

फेब्रुवारी १८६१ पासून त्याने बंदरांना इशारे पाठवायला सुरुवात केली. किनाऱ्यावरची केंद्रं सकाळी वायुभारमापकावरचा दाब, तापमान आणि वारा तारेने लंडनला कळवत. धोका दिसला की तिथून उलट तार जाई आणि बंदरातल्या खांबावर शंकू चढे. टोक वर असेल तर उत्तरेकडून वादळी वारा, खाली असेल तर दक्षिणेकडून. वाचता न येणाऱ्या नाखव्यालाही दुरून कळावं अशी ही खूण होती. आपल्या बंदरांवर चढणारा धोक्याचा बावटा याच विचारातला. १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये सामान्य वाचकांसाठी पहिला अंदाज छापून आला.

अंदाज चुकतही. दाबाच्या मोजक्या नोंदी हाताशी, समुद्रावरून एकही नाही, आणि वादळं तर बहुतेक अटलांटिकवरून यायची. वर्तमानपत्रांनी टर उडवली, शास्त्रज्ञांनी सिद्धांताचा पाया मागितला. पैशाची चणचण आणि खिन्नता यांनी आधीच खचलेल्या फिट्झरॉयने ३० एप्रिल १८६५ ला स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढच्या वर्षी फ्रान्सिस गॉल्टन हा ब्रिटिश शास्त्रज्ञ ज्या चौकशी समितीवर होता, तिच्या अहवालानंतर अंदाज थांबले, इशारेही थांबले.

समितीने शास्त्रीय काटेकोरपणा मागितला, त्यात चूक नव्हती. पण होडी पाण्यात लोटायची की नाही हे पहाटे ठरवणाऱ्याला खात्री नको असते, शक्यता कळली तरी पुरते. किनाऱ्यावरच्या लोकांनी इशारे परत मागितले आणि १८६७ मध्ये ते सुरू झाले. वर्तमानपत्रातला अंदाज यायला मात्र १८७९ उजाडलं.