भीतीची आणि लघवीची कळ एकच

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मामांनी मला खाटेजवळ बोलावलं आणि सोयाबीनचं सांगायला सुरुवात केली. वरच्या तुकड्यातलं काढून झालंय, खालचं उभंच आहे, मळणीवाल्याला हजार रुपये इसार दिलाय. म्हैस तिसऱ्या वेताची आहे, कुणी कितीही भाव केला तरी विकायची नाही. मग पासबुक कुठल्या डब्यात आहे ते, मग सोसायटीचं देणं. मामी शेजारी मोसंबी सोलत होत्या, त्यांचे हात थांबले. याला आमच्याकडं निरवानिरव म्हणतात. औसा तालुक्यातल्या अडुसष्ट वर्षांच्या शेतकऱ्याला ‘मला भ्या वाटायलंय’ असं म्हणता येत नाही. तो सोयाबीनचं बोलतो.

ऑपरेशन प्रोस्टेटचं होतं, दुर्बिणीतून. लातूरला अशी ऑपरेशनं नेहमीच होतात. पण ते नेहमीचं डॉक्टरांना. मामांचं पहिलंच होतं.

सुरुवात सर्दीच्या गोळीनं झाली. लघवीला वेळ लागणं, धार बारीक येणं, रात्री चार-पाच वेळा उठणं हे दोन वर्षं चालूच होतं आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं होतं. पंधरवड्यापूर्वी नाक गळायला लागलं म्हणून त्यांनी मेडिकलवरून गोळी आणून घेतली. रात्री अकराला लघवी तुंबली ती तुंबलीच. पहाटे जीपनं लातूर गाठलं आणि नळी घातली तेव्हा दीड बाटली लघवी निघाली.

सर्दीच्या गोळीचा आणि लघवीचा काय संबंध? त्या संबंधातच भीतीचंही कोडं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली ग्रंथी. तरुणपणी अक्रोडाएवढी, वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातला काही द्रव ती तयार करते. लघवीची नळी तिच्या मधोमध जाते, आणि सगळा घोटाळा या रचनेत आहे. वयाबरोबर ग्रंथी वाढते. पन्नास ते साठ वयाच्या जवळपास निम्म्या पुरुषांत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ सापडते, ऐंशीच्या पुढं दहातल्या आठ-नऊ जणांत. ग्रंथी आतल्या बाजूनं नळीला दाबते. शिवाय ग्रंथीत आणि मूत्राशयाच्या तोंडाशी आपल्या इच्छेला न जुमानणारे स्नायू असतात. ॲड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनलिन यांनी इशारा दिला की ते आवळतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळण्यासाठी. पण त्याला नाक आणि मूत्राशय यांतला फरक कळत नाही, तीच कळ ते इथंही दाबतं. गोळीतला दुसरा घटक क्लोरफेनिरामिन, तो लघवी बाहेर ढकलणाऱ्या स्नायूला सुस्त करतो. दार आवळलेलं आणि ढकलणारा झोपलेला. आधीच अरुंद झालेल्या वाटेत एवढं पुरतं. प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती टॅमसुलोसिनची कॅप्सूल याच्या बरोबर उलट काम करते, ती ही कळ सैल सोडते.

आता भीती. भीती वाटली की शरीर स्वतःच हे इशारे सोडतं. म्हणजे ज्याला लघवीची चिंता आहे त्याची वाट ती चिंताच आणखी आवळते. आणि त्याच इशाऱ्यांनी हृदय धडधडतं, रक्तदाब चढतो.

मामांचा चढला. सकाळी टेबलवर घ्यायच्या आधी वरचा आकडा १८८. घरी कधी १४०च्या वर गेला नव्हता. भूलतज्ज्ञांनी तीन दिवसांनी बघू म्हणून परत पाठवलं. आदल्या रात्री एका पोरगेल्या डॉक्टरानं सहीचा कागद आणला होता आणि तो घाईघाईनं मोठ्यानं वाचला होता: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीवरचा ताबा जाणं, क्वचित मृत्यू. कायद्याला तो कागद लागतो, मान्य. पण माणसाला पहिल्यांदा आणि शेवटचं काय सांगितलं तर एवढंच, हे मला आजही पटत नाही. घरच्यांची तऱ्हा उलटी. ‘म्हाताऱ्याला काही सांगू नका, उगं घाबरंल.’ त्यामुळं मामांना फक्त वाईट काय होऊ शकतं ते माहीत होतं. नेमकं काय होणार, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

या दोन गोष्टींत केवढा फरक आहे ते १९६४ सालीच मोजलं गेलंय. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एगबर्ट या भूलतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या ऑपरेशनचे ९७ रुग्ण घेतले. निम्म्यांना नेहमीसारखंच वागवलं. उरलेल्यांच्या खाटेशी भूलतज्ज्ञ आदल्या रात्री जाऊन बसला. दुखेल, अमुक ठिकाणी दुखेल, ते दुखणं स्वाभाविक आहे, कुशीवर असं वळा म्हणजे ताण कमी येईल, तरीही नाही सोसलं तर औषध मागा, एवढंच त्यानं सांगितलं. या गटाला पहिल्या पाच दिवसांत गुंगीची वेदनाशामकं साधारण निम्मीच लागली. कोण कुठल्या गटातला हे सर्जनना माहीत नव्हतं, तरी त्यांनी या रुग्णांना सरासरी २.७ दिवस आधी घरी सोडलं. नवं औषध एकही नव्हतं.

मामा सर्जनच्या हाती होते, पण सांगणं माझ्या हाती होतं. मी महाविद्यालयात शिकवतो, डॉक्टर नाही. म्हणून आधी सर्जनना विचारून क्रम लिहून घेतला. मग मामांना विचारलं, ‘मामा, किती सांगू? सगळं, का कामापुरतं?’ हा प्रश्न विचारावाच लागतो. काही माणसांना तपशिलानं धीर येतो, काहींची झोप उडते, आणि कोण कसा हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. मामा म्हणाले, ‘समदं सांग.’ जरा थांबून, मामी बाहेर गेल्याचं बघून, म्हणाले, ‘आदी एक सांग. क्यान्सर हाय का?’

पंधरा दिवस हा प्रश्न ते एकटे घेऊन बसले होते. कुणीही तो शब्द उच्चारला नव्हता, म्हणूनच त्यांची खात्री पटली होती. मी सांगितलं, तपासण्यांत तसं काही दिसलेलं नाही, ही वयाबरोबरची साधी वाढ आहे. साध्या वाढीचा पुढं कॅन्सर होत नाही. तरी खरवडून काढलेले तुकडे तपासायला जातील, सगळ्यांचेच जातात, आणि रिपोर्ट आठवड्यात येईल. तुमचा आला की पहिल्यांदा तुम्हालाच वाचून दाखवीन.

मग क्रम. पाठीत इंजेक्शन, मग कमरेखाली आधी गरम वाटेल, मग पाय लाकडासारखे जड होतील. तुम्ही जागे असाल, डॉक्टर मध्येमध्ये बोलतील, त्यांना उत्तर द्यायचं. (यामागंही कारण आहे. ऑपरेशन चालू असताना धुवायला आत सोडलेलं पाणी जास्त शोषलं गेलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. बोलतं ठेवलं की ते लगेच कळतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी वापरतात, त्यामुळं हा धोका खूपच कमी झालाय.) चिरा कुठंच नाही. लघवीच्याच वाटेनं दुर्बीण जाते आणि विजेच्या तारेच्या कडीनं वाढलेला भाग आतून खरवडून काढते. तास-दीड तास.

श्वासाचंही सांगितलं. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, मेंदूतून हृदयाकडं जाणारी व्हेगस नस ते काम करते. सोडणं लांबवलं की तिला जास्त वाव मिळतो. मामा माळकरी आहेत. त्यांनी आकडे बाजूला ठेवले आणि ‘विठ्ठल’ आत, ‘पांडुरंगऽ’ बाहेर असा आपला हिशोब बसवला. तिसऱ्या दिवशी आकडा १४६ आला. सगळं श्रेय सांगण्याला देत नाही. रक्तदाबाची गोळीही चालू झाली होती.

दुपारी बाहेर आणलं. आणि मी काय विसरलो होतो ते तेव्हा कळलं. मामांनी मला खाली वाकायची खूण केली. कानात म्हणाले, ‘पाय हलंनात रे. अंगावरून वारं गेलं का काय?’ भुलीनं पाय जड होतील हे सांगितलं होतं. बाहेर आल्यावरही दोन-चार तास तसेच राहतील हे सांगायचं राहिलं होतं. त्या एका वाक्याच्या अभावी माणूस अर्धा तास लकवा झाला असं समजून छताकडं बघत पडला होता. संध्याकाळी पायाचा अंगठा हलला तेव्हा त्यांनी तो मामींना तीनदा हलवून दाखवला.

लाल पाण्याचं मात्र आधी सांगून ठेवलं होतं. या ऑपरेशननंतर तीन तोंडांची नळी घालतात: एका तोंडातून सलाइन आत, दुसऱ्यातून बाहेर, आणि तिसऱ्यातून आतला फुगा पाण्यानं फुगवायचा. तीन-तीन लिटरच्या पिशव्या चोवीस तास चालतात, म्हणजे रक्त साकळून नळी बंद होऊ नये. खाटेखालची पिशवी लालभडक दिसते आणि नातेवाइकांचे चेहरे पांढरे पडतात. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या सुनेनं तर रडायलाच सुरुवात केली. खरं तर चमचाभर कुंकवानंही बादलीभर पाणी लाल होतं, तसंच हे. मामा तिला म्हणाले, ‘बाई, ठिबकची नळी चोक झाल्यावर टोक उघडून पानी सोडतो का न्हाई? तसं धुवायलेत.’ ही उपमा माझी नव्हती, आणि एवढी नेमकी मला सुचलीही नसती.

फुग्याची एक खोड आहे. तो मूत्राशयाच्या तोंडाशी टेकतो आणि शरीराला वाटतं मूत्राशय भरलंय. नळी व्यवस्थित वाहत असतानाही जोरात लघवी लागते. माणूस कुंथतो, आणखी कळ येते. हे खोटं बोलावणं आहे असं ठाऊक असलं तर अंग सैल सोडता येतं.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. आता स्वतः लघवी व्हायची परीक्षा. मामी, मी आणि मावसभाऊ खाटेभोवती उभे, हातात मोजायचं भांडं, दर दोन मिनिटांनी ‘झाली का?’ तासभर थेंब नाही. कळ आम्हीच दाबून धरली होती. मी सगळ्यांना चहाला बाहेर काढलं. परतलो तर भांड्यात १८० मिली, गुलाबीसर, आणि मामा जळजळीनं ओठ दाबून हसतायत.

घरी आल्यावरचं थोडक्यात. चार ते सहा आठवडे पोतं उचलायचं नाही, मोटारसायकल आणि ट्रॅक्टर नाही. पाणी भरपूर, पण मोठा वाटा संध्याकाळच्या आत. शौचाला जोर करायचा नाही. मामांना इसबगोल लागला. तंबाखू सुटली तर खोकलाही कमी होतो, आणि खोकल्याचा ताणही त्याच जागी बसतो. जळजळ, घाई, क्वचित कपड्यात थेंब हे काही आठवडे चालतं, कारण वर्षानुवर्षं अडथळ्याशी झगडून मूत्राशयाचा स्नायू जाड आणि चिडखोर झालेला असतो. वाट मोकळी झाल्याचं त्याला लगेच कळत नाही.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही. या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात मागं जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. तोंडाशी आवळणारा भागच खरवडला गेलेला असतो. ताठरता बहुधा पूर्वी होती तशीच राहते. हे आधी न सांगितल्यामुळं मर्दानगी गेली असं धरून चालणारे आणि घरात गप्प झालेले लोक मी पाहिलेत.

कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढतात ते ऑपरेशन निराळं. तिथं नळी आठवडा-दोन आठवडे राहते, लघवीवरचा ताबा परत यायला महिने लागू शकतात, आणि ताठरतेच्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. त्या जाणीवपूर्वक वाचवण्याचं तंत्र पॅट्रिक वॉल्श या अमेरिकन सर्जननी १९८२मध्ये आणलं. या रुग्णांना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आधीपासून शिकवलेला बरा. लघवीची धार तोडताना जो स्नायू लागतो, तोच. अशाच १५९ पुरुषांवरचा ह्यूस्टनचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनपूर्वी काही जणांना श्वास, अंग सैल सोडणं आणि ऑपरेशनचा दिवस मनात आधीच पाहून ठेवणं शिकवलं. ऑपरेशनच्या आधी त्यांचं मन कमी बिघडलं, वर्षभरानंतर शारीरिक तब्येतही बरी राहिली. लघवीच्या तक्रारी मात्र त्यानं कमी झाल्या नाहीत. मन शांत केलं की सगळंच भरून येतं असं सांगणाऱ्यांनी हा शेवटचा भाग वाचावा.

मामांचा रिपोर्ट साधा आला. पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवला.

दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास आतली खपली सुटते आणि थांबलेलं रक्त पुन्हा दिसू शकतं. हे मी कागदावर लिहून देवघरापाशी चिकटवलं होतं. खाली तीन ओळी: गुठळ्या पडल्या, लघवी बंद झाली, थंडी वाजून ताप आला, तर न थांबता लातूर. एका सकाळी सहाला फोन वाजला.

‘आज बारावा दिस,’ मामा म्हणाले. ‘बाराव्याला पाव्हणा आला बघ. लाल.’

‘गुठळ्या?’

‘न्हाईत. दोन तांबे पानी पेलोय. बसलोय खाटंवर. दुपारपस्तोर साफ न्हाई झालं तर निघतो.’ मग आवाज खाली करून: ‘तुझी मामी घाबरलीय. तिला जरा सांग, बोल.’