सुरक्षा क्लिनिक

लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार आणि प्रजननमार्गाचा जंतुसंसर्ग यांची तपासणी, समुपदेशन व उपचार मोफत आणि गोपनीय रीतीने करणारे सरकारी केंद्र. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या (नॅको, स्थापना 1992) कार्यक्रमाखाली अशी केंद्रे जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चालतात. महाराष्ट्रात त्यांची देखरेख राज्य एड्स नियंत्रण संस्थेकडे आहे. मुंबईसाठी वेगळी जिल्हा संस्था आहे. एचआयव्हीची चाचणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे सगळे ज्याला आयसीटीसी म्हणतात तिथे होते. बहुतेक मोठ्या रुग्णालयांत दोन्ही केंद्रे एकाच आवारात असतात.

जुन्या इमारतींत आजही ‘त्वचा व गुप्तरोग विभाग’ अशी पाटी दिसते. गुप्तरोग हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याने केलेले नुकसान लक्षात येत नाही. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर आणि सार्वजनिक मुताऱ्यांत हाच शब्द रंगवून भोंदू वैद्य गिऱ्हाईक गाठतात, आणि लाजेपोटी माणूस सरकारी दवाखाना सोडून त्यांच्याकडे पैसे मोजतो. सिफिलिसला गरमी, गोनोरियाला परमा, जांघेत येणाऱ्या गाठीला बद ही जुनी नावे गावाकडे अजून चालतात. बायका बहुधा ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढेच सांगतात आणि बाकीचे डॉक्टरांनी ओळखावे अशी अपेक्षा धरतात. ‘सुरक्षा’ हे नाव म्हणूनच महत्त्वाचे आहे. या पाटीखाली उभे राहिल्याने कुणाच्या वागण्याविषयी काही सिद्ध होत नाही.

तपासणीची वाट केसपेपरच्या खिडकीपासून सुरू होते, आणि अनेक माणसे तिथूनच परत फिरतात. मागे रांग, पुढे जाळी, आणि आतून मोठ्याने प्रश्न : ‘काय होतंय?’ या प्रश्नाला ‘स्किनला दाखवायचंय’ एवढे उत्तर पुरेसे आहे. तक्रार काय आहे ते कारकुनाला सांगण्याची गरज नसते. आयसीटीसीत तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट जाता येते. तिथे प्रत्येकाला एक ओळख क्रमांक मिळतो आणि नमुन्यावर, अहवालावर तोच चालतो.

समुपदेशकाची खोली वेगळी असावी, आतले बोलणे बाहेर ऐकू जाऊ नये आणि बाहेरून आतला माणूस दिसू नये, असा दंडक आहे. प्रश्न थेट असतात. शेवटचा संबंध कधी आला, निरोध वापरला का, जोडीदार एक की अधिक, पुरुष की स्त्री, लघवीला जळजळ आहे का, जागेवर फोड किंवा जखम आहे का. ते विचारण्यामागे चौकशी नसते. कोणती तपासणी करायची आणि ती आज करायची की काही आठवड्यांनी, हे त्या उत्तरांवर ठरते. अंगाची तपासणी पडद्याआड होते. पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असतील तर परिचारिका किंवा दुसरी स्त्री सोबत हवी, आणि ती नसेल तर थांबा म्हणण्याचा हक्क रुग्ण बाईला आहे.

उपचारांची पद्धत लक्षणांवरून ठरवलेली आहे. सात प्रकारच्या औषध-संचांना रंग दिलेले आहेत. लघवीच्या वाटे पू येत असेल तर राखाडी, योनीतून स्राव असेल तर हिरवा, जखमेसाठी पांढरा, पेनिसिलिन न सोसणाऱ्यांसाठी निळा, नागिणीच्या जातीच्या पाणीदार फोडांसाठी लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा, आणि बद असेल तर काळा. राखाडी संचात अॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिमचा एकदाच घ्यायचा डोस असतो. प्रयोगशाळेच्या निकालाची वाट न पाहता पहिल्याच भेटीत औषध हातात पडते. दूरच्या वाडीवरून एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला माणूस पुन्हा येईलच असे नसते, म्हणून ही सोय. जोडीदारालाही उपचार घ्यायला सांगतात, कारण एकानेच औषध घेतले तर आजार दोघांत फिरत राहतो.

या पद्धतीची उणीवही मोठी आहे. क्लॅमिडिया (संबंधांतून पसरणारा आणखी एक जंतुसंसर्ग) आणि गोनोरिया स्त्रियांत पुष्कळदा काहीच लक्षण दाखवत नाहीत, आणि लक्षण नाही तिथे रंगही नाही. न कळलेला संसर्ग गर्भनलिकांपर्यंत गेला की मूल न होण्याचे कारण ठरू शकतो, आणि आपल्याकडे त्याचा बोल बाईलाच लागतो. हे जंतू नेमके पकडणारी जनुकीय चाचणी सरकारी केंद्रांत सहसा होत नाही. खासगी प्रयोगशाळेत ती महाग पडते. सिफिलिससाठी रक्ताची व्हीडीआरएल किंवा आरपीआर चाचणी मात्र मोफत होते, आणि सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे 24 लाख युनिटचे एक इंजेक्शन पुरते.

एचआयव्हीच्या चाचणीआधी समुपदेशन आणि संमती, नंतर पुन्हा समुपदेशन, असा क्रम आहे. पहिली झटपट चाचणी निगेटिव्ह आली तर निकाल तोच. ती रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे तिने संसर्गाची शंका दाखवली, तर वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या आणखी दोन चाचण्या झाल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. संसर्गानंतर सुरुवातीचे काही आठवडे रक्तात खूण सापडत नाही, म्हणून तीन महिन्यांनी फेरचाचणी सांगतात. धोका नुकताच झाला असेल तर वाट पाहायची नसते : 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची प्रतिबंधक औषधे असतात, आणि त्यात एकेक तास मोलाचा असतो. 1097 हा मोफत मदत क्रमांक अशा वेळी नाव न विचारता वाट सांगतो.

गोपनीयतेमागे मोठा इतिहास आहे. इंग्रजी अमलात 1868 च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी होई, आजार आढळला तर त्यांना लॉक हॉस्पिटलांत, म्हणजे अशा आजारांच्या खास रुग्णालयांत, अडकवून ठेवत. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांना कुणी तपासत नसे. तो कायदा 1888 मध्ये रद्द झाला. त्यानंतर शंभर वर्षांनी, 1989 मध्ये, गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले, त्यात एचआयव्ही आढळला, आणि पोलिसांनी त्याला म्हापशातल्या क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत 64 दिवस कोंडून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, तरी न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. तपासणीचा निकाल म्हणजे अटक, हे एकदा लोकांच्या मनात बसले की कोण दवाखान्याची पायरी चढेल?

वारे बदलल्याची खूण 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दिसली. एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका मजुराला न्यायालयाने ‘एमएक्स’ या टोपणनावाने खटला लढू दिला, आणि काम करण्यास समर्थ माणसाला केवळ या कारणाने काढता येणार नाही असा निकाल दिला. पुढे 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायद्याने टोपणनावाची ही मुभा देशभर दिली. माहितीपूर्वक संमतीशिवाय चाचणी नाही, लेखी संमतीशिवाय निकाल उघड करायचा नाही, नोकरीसाठी चाचणीची अट घालायची नाही, ही त्याची मुख्य कलमे. अपवाद आहेत, पण मोजके. जोडीदाराला मोठा धोका असेल आणि समुपदेशनानंतरही रुग्ण स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाली, तर डॉक्टर किंवा समुपदेशक आधी रुग्णाला कल्पना देऊन जोडीदाराला सांगू शकतात. मात्र रुग्ण स्त्री असेल आणि त्यामुळे तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढले जाईल अशी रास्त भीती असेल, तर सांगायचे नाही. हा कायदा 10 सप्टेंबर 2018 ला लागू झाला. चारच दिवस आधी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले होते. ‘जोडीदार पुरुष की स्त्री’ या समुपदेशकाच्या प्रश्नाला खरे उत्तर देणे त्या आठवड्यापासून कायद्याने तरी निर्धोक झाले.

2017 च्या कायद्याचे संरक्षण एचआयव्हीपुरते आहे. सिफिलिस किंवा परम्याचा निकाल फोडणाऱ्याविरुद्ध असा खास कायदा नाही. तिथे डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेवर भिस्त. व्यवहारात गळती होते ती वेगळ्याच ठिकाणी. गरोदरपणाच्या नोंदणीत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते, आणि पहिलटकरणीचा निकाल तिच्याआधी सासूला किंवा नवऱ्याला कळू शकतो, कारण फाईल त्यांच्या हातात असते. तो निकाल तिचा आहे आणि तिला एकटीला बोलावूनच सांगायला हवा. खासगी प्रयोगशाळा अहवाल व्हॉट्सअॅपवर पाठवतात आणि नोंदवलेला नंबर घरातल्या सगळ्यांचा असतो; छापील प्रत स्वतः घेईन असे आधीच सांगून ठेवणे बरे. तालुक्याच्या गावात तंत्रज्ञ ओळखीचा निघतो, म्हणून माणसे शंभर-दीडशे किलोमीटर दूरच्या शहरात जाऊन रक्त देतात, आणि उपचार लांबला तर तो प्रवास दर महिन्याला करतात.

अठरा वर्षांखालच्यांसाठी वाट सर्वांत अरुंद आहे. एचआयव्हीच्या चाचणीला पालकाची संमती लागते. लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराखालच्या मुलीचे वा मुलाचे संबंध डॉक्टरांना कळले तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, मग ते दोघे एकाच वयाचे आणि एकमेकांच्या मर्जीने एकत्र आलेले का असेनात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ‘मैत्री’ क्लिनिके पाळीपासून व्यसनापर्यंत सल्ला देतात, आणि शरीराविषयीचे साधे प्रश्न तिथे मोकळेपणाने विचारता येतात. खरी तक्रार घेऊन आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीला मात्र तिथल्या समुपदेशकाने तोंड उघडण्याआधीच सांगायला हवे की कोणती गोष्ट या खोलीत राहील आणि कोणती राहू शकणार नाही.