टाळूवरच्या चौकोनातला वाकाशू: एदोकालीन लाकडी ठशांची पार्श्वभूमी

जपानच्या एदो काळातल्या (1603–1868) ठसेचित्रांत मुलगी आणि ‘वाकाशू’ शेजारी उभे असले, तर आधी टाळू बघावी. चेहरे सारखेच, लांब बाह्यांचे किमोनोही सारखेच. वाकाशू म्हणजे अजून प्रौढ न मानलेला तरुण. टाळूवरचा लहानसा भाग भादरलेला, कपाळावरची बट राखलेली. प्रौढ झाला की बट जाई. पुरुष आणि बायका, दोघांच्याही प्रेमाचा तो विषय होता. ‘तिसरं लिंग’ हे नाव आजच्या अभ्यासकांचं.

ही ओळख ठशाची फळी कोरणाऱ्या कोरक्याच्या हातात असे. चित्रकाराचं पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर खळीने पालथं चिकटवायचं, पाठीचा थर बोटाने चोळून काढायचा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड उतरवायचं. केस आणि चेहरा मुरलेल्या कारागिराकडे, कपडे शिकाऊंकडे. केसाची रेष लाकडाच्या रेषांना आडवी गेली की टवका उडतो. मग तेवढी जागा खणून नवा तुकडा ठोकून बसवावा लागतो.

पालथ्या कागदामुळे अक्षरही हस्ताक्षराच्या वळणासकट उतरे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानमध्ये छपाईचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, आले होते, पण एकमेकांत गुंतलेलं अक्षर त्यांत नीट बसेना. मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको. पन्नासेक वर्षांत छपाई पुन्हा फळीवर आली. त्यामुळे पुरुषांमधल्या प्रेमावरच्या लेखक इहारा साइकाकूच्या चाळीस कथा 1687 मध्ये लाकडी ठशांवरच, चित्रांसह छापल्या गेल्या. शृंगारचित्रांत तर संवाद शरीरांभोवतीच्या मोकळ्या जागेतच कोरलेले असत.

1652 मध्ये सरकारने काबुकी या नाट्यप्रकारातल्या पोरसवदा नटांना बट काढायला लावली. स्त्रीभूमिका करणाऱ्यांनी त्या जागी जांभळा रुमाल बांधला, आणि चित्रांत तीच त्यांची खूण झाली. 1765 नंतर, चित्रकार सुझुकी हारुनोबूच्या काळात, बहुरंगी छपाई रुळली. दर रंगाला वेगळा ठसा. कोपऱ्यातल्या खाचेत ओला कागद टेकवून रंगावर रंग चढवायचा. मधेच कागद वाळला तर आक्रसतो आणि रंग रेषेबाहेर सांडतो. जांभळा बहुधा करडईचा लाल आणि एका रानफुलाचा निळा मिळून होई. तो निळा उजेडातच काय, पाण्यानेही जातो. म्हणून जुन्या प्रतींत रुमाल मळकट तपकिरी दिसतो आणि नवखा माणूस तिथेच चुकतो.

एदो काळानंतर आलेल्या मेइजी सरकारने 1872 च्या सुमारास पुरुषांमधला संभोग गुन्हा ठरवला; 1882 च्या दंडसंहितेत ते कलम उरलं नाही. वाकाशूची केशरचना मात्र तोवर रस्त्यावरून नाहीशी झाली होती. टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियमने 2016 मध्ये वाकाशूंच्याच ठसेचित्रांचं प्रदर्शन भरवलं.