मुळाच्या टोकाशी दिसणारा प्रत्येक काळा डाग म्हणजे पू नव्हे
नाशिकमध्ये दाताचा एक्स-रे हाती पडलेला रुग्ण बहुधा एकच प्रश्न विचारतो, की मुळाशी काळे दिसते, म्हणजे पू झाला ना? हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. हाड विरळ किंवा पोकळ असेल तेथे काळी छटा येते, मग ती पोकळी रोगाने झालेली असो वा नैसर्गिक. खालच्या जबड्यात दुसऱ्या उपदाढेच्या मुळाजवळ हनुवटीकडे जाणाऱ्या नसेचे छिद्र असते, आणि त्याची सावली नेमकी मुळाच्या टोकावर पडली, तर ती हुबेहूब गळवासारखी दिसते. केवळ त्या सावलीमुळे निरोगी दाताचे रूट कॅनाल व्हावे, हे मला फार क्लेशदायक वाटते. अशा वेळी एक्स-रे यंत्राच्या नळीचा आडवा कोन बदलून दुसरा एक्स-रे काढावा. छिद्राची सावली टोकापासून सरकते, मुळाला जडलेला रोग सरकत नाही. मुळाभोवतीची बारीक पांढरी रेघ अखंड असणे आणि थंड स्पर्शाला दाताने नेहमीसारखा प्रतिसाद देणे, या खुणा त्या डागापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह आहेत. वरच्या समोरच्या दोन दातांच्या मुळांपाशीही टाळूतील छिद्राची अशीच सावली पडते.