अतिनियंत्रित स्वभावासाठीचे संवादोपचार : पार्श्वभूमी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मोजमापात तसूभर फरकही खपत नाही, आणि अशा कामात उमर घालवलेला, घरातही प्रत्येक वस्तू ठरल्या जागीच हवी असणारा माणूस नाशिककरांना नवा नाही. समुपदेशकाकडे तो आपल्या या अतिनियंत्रित स्वभावाची तक्रार घेऊन सहसा येत नाही. झोप उडालेली असते किंवा मुलांनी बोलणे टाकलेले असते, म्हणून येतो. मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे नको असतानाही तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा होणे) झालेल्याला आपले वागणे बहुधा स्वतःलाच जाचते, याला मात्र आपले नियम रास्तच वाटतात. शिवाय चारचौघांत त्याचे कौतुकच होत असते.

नीटनेटकेपणा, काटकसर आणि हट्ट ही त्रयी मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1908 मध्येच एकत्र मांडली होती. पुढे वर्गीकरणे बदलत गेली. 2022 पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात तर व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने प्रकार बाजूला ठेवून तीव्रता आणि ठळक गुणविशेष पाहिले जातात. उपचारांचे गाडे मात्र बराच काळ भावनांना आवर घालायला शिकवण्यावरच अडले होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (डीबीटी) आत्मघाताकडे वळणाऱ्या, भावनांच्या लाटेत वाहून जाणाऱ्या रुग्णांसाठी घडली, आणि तिथे ती योग्यच होती.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ थॉमस लिंच हीच पद्धत नैराश्यग्रस्त वृद्धांसाठी वापरू लागले, तेव्हा तिची मर्यादा उघड झाली. यांतील अनेकांकडे संयम गरजेपेक्षा जास्तच होता, त्यामुळे त्यांना आणखी संयम शिकवणे म्हणजे दुखण्यालाच खतपाणी घालणे होते. अतिनियंत्रण आणि अल्पनियंत्रण हा भेद जॅक व जीन ब्लॉक या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने पूर्वीच मांडला होता. त्याचा आधार घेत लिंच यांनी ‘रॅडिकली ओपन डीबीटी’ उभी केली. तिच्या मते मूळ दुखणे एकाकीपणाचे असते : चेहरा कोरा राहतो, आतले बाहेर दिसत नाही आणि माणसे दुरावतात. म्हणून या रुग्णांना खुर्चीत मागे रेलणे, श्वास संथ करणे, ओठ मिटून हसणे आणि भुवया किंचित उंचावणे अशा अगदी साध्या हालचाली शिकवल्या जातात. उपचारकानेही गंभीर मुद्रा सोडून थोडी थट्टा करणे अपेक्षित असते.

ब्रिटनमध्ये सहजी न हटणारे नैराश्य असलेल्या 250 जणांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीच्या चाचणीत सात महिन्यांनंतर सुधारणा स्पष्ट दिसली. बारा महिन्यांच्या मुख्य कसोटीवर मात्र नेहमीच्या उपचारांच्या तुलनेतला फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही. त्यामुळे या पद्धतीला रामबाण म्हणणे घाईचे होईल.

नाशिकमध्ये ही पद्धत वापरायची तर खरी अडचण त्या थट्टेचीच येईल, असे वाटते. तिशीतली समुपदेशक निवृत्त झालेल्या गृहस्थांना ‘काका, तुम्ही’ असेच संबोधणार, आणि त्या नात्यात धाकट्याने वडीलधाऱ्याची फिरकी घेणे त्यांना उर्मटपणाचे वाटू शकते. तेव्हा आधी स्वतःवर हसून सुरुवात करणे तिला अधिक सोपे जाईल.